मार्च एंडिंगनंतरचा बुरांश

दिल्लीत अठ्ठावीस वर्षं काढून ज्याने हिमालय पाहिलेला नाही असा माणूस हवा असेल, तर आर. के. पुरममधल्या कुठल्याही मराठी क्वार्टरची बेल दाबावी. दार उघडणारा गृहस्थ तोच. डोंगर तिथून मोटारीने सात-आठ तासांवर, पण आमची रजा निघते ती गावाकडे जाण्यासाठी. सरकारी नोकरीत शिरताना सर्व्हिस बुकात ‘होम टाउन’ नावाचा रकाना भरून घेतात. मी तिथे ‘वाई’ लिहिलं आणि पुढे सगळी नोकरी त्या रकान्याशी एकनिष्ठ राहिलो. मे महिन्यात वाई, दिवाळीत वाई, रजा उरली तर पुन्हा वाई. एकदा बायको, मालती, म्हणाली, “माझं माहेर नागपूरचं. ते त्या पुस्तकात कुठे लिहिलंय?” मी तिला नियम समजावून सांगितला. तिने पुन्हा विचारलं नाही, त्यावरून तिला तो पटला असावा असं मी गृहीत धरलं.

आमच्या शेजारी जोशी राहत. जोशी म्हटल्यावर आम्हाला हायसं वाटलं होतं, पण ते निघाले कुमाऊंचे. त्यांच्याकडे वसंत लागला की मुलींनी सकाळी उठून घरोघरच्या उंबऱ्यावर फुलं ठेवायची आणि घरवाल्यांनी त्यांना गूळ-तांदूळ द्यायचे, अशी रीत. दर मार्चमध्ये जोश्यांच्या दोघी मुली आमच्या उंबऱ्यावर फुलं ठेवून जात. सेक्टरमध्ये फुलं कुठली, तर सरकारी कुंपणावरची बोगनवेल. जोशीबाई ओशाळून म्हणायच्या, “ये भी कोई फूल हैं, मालती! हमारे यहाँ तो देहरी पर बुराँस रखते हैं.” मग बाल्कनीच्या सामाईक कठड्यावर कोपरं टेकून त्या बुरांशाचं वर्णन करायच्या. आंब्याएवढं झाड, त्याला तळहाताएवढे लाल गुच्छ, आणि असं एक झाड नाही, अख्खा डोंगर. त्यांच्या माहेराजवळ गागर नावाची खिंड आहे, तिथला रस्ता म्हणे लालेलाल जंगलातून जातो.

मालतीने हे पहिल्यांदा ऐकलं त्याला बावीस वर्षं झाली. दर वर्षी ती विचारायची, “यंदा जाऊ या का हो?” आणि दर वर्षी मी सांगायचो, “पुढच्या वर्षी.” माझा दोष नव्हता. बुरांश मार्चमध्ये फुलतो, आणि सरकारचं वर्षही मार्चमध्येच संपतं. एकतीस तारखेच्या आत पैसा खर्ची पडला नाही तर तो परत जातो. त्या महिन्यात सेक्शनमधल्या माणसाने फुलं बघायची रजा मागितली असती तर मी स्वतःच त्याची फाइल लाल शेऱ्यानिशी परत केली असती.

जोशी रिटायर होऊन मुलीकडे लखनौला गेले. जाताना जोशीबाई मालतीचा हात धरून म्हणाल्या, “एक बार देख लेना.” त्यालाही पाच वर्षं झाली. आणि आता मे अखेरीस मीही सुटणार होतो. क्वार्टर खाली करायचं, ट्रकमध्ये सामान भरायचं आणि वाईला जायचं. हा आमचा दिल्लीतला शेवटचा वसंत होता. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मालतीने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि या वेळी प्रश्न न विचारता सांगितलं, “मला ते झाड फुललेलं बघायचंय. मग वाईला म्हणाल तिथे बसते.”

“मार्च एंडिंग होऊ दे,” मी म्हणालो. “एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जाऊ.”

गुडगाव ते काठगोदाम

गाडी शशीची. शशी माझा साडू, मालतीच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे नंदाचा नवरा. काही वर्षांपूर्वी तोही आमच्यासारखाच सरकारी क्वार्टरमध्ये राहत होता आणि नळाचा वायसर बदलून मिळावा म्हणून अर्ज लिहीत होता. मग देशाचे दरवाजे उघडले. एका दरवाजातून एक परदेशी कंपनी आत आली आणि त्याच दरवाजातून शशी बाहेर पडला. आता तो गुडगावात आठव्या मजल्यावर राहतो. सोसायटीचं नाव इंग्रजी असून त्यात ‘लेक’ आहे. तळं मला कुठे दिसलं नाही. पावसाळ्यात तळमजल्यावर दिसतं, असं वॉचमनने सांगितलं. गेटच्या आत कारंजं, गेटच्या बाहेर मोहरीचं शेत आणि शेतात नीलगायी. वीज गेली की जनरेटर, पाणी गेलं की टँकर, आणि दोन्ही गेलं की शशी म्हणतो, “पण दादा, क्वालिटी ऑफ लाइफ!”

गाडी नवी कोरी. किल्लीवरचं बटण दाबलं की चिमणीसारखी टिवटिवायची. शशी ते बटण गरज नसताना चार वेळा दाबायचा. कंपनीने दिलेला मोबाइल फोन पट्ट्याला अडकवलेला, पोलिसाच्या दंडुक्याएवढा. नंदाने गॉगल, मिनरल वॉटरच्या आठ बाटल्या आणि टिश्यू पेपरचा डबा आणला होता. मालतीने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, लिंबाचं लोणचं आणि वर्तमानपत्राचे कागद आणले होते. दोघी सख्ख्या बहिणी, पण एक दिल्लीहून निघाली होती आणि एक सिंगापूरहून निघाल्यासारखी दिसत होती.

“ताई, रस्त्यात सगळं मिळतं यार आता,” शशी म्हणाला. “पॉप्युलर हायवे आहे. बेसिकली आपण नऊला गजरौला, एकला हल्द्वानी, साडेतीनला टॉप. सगळं प्लॅन केलंय.”

प्लॅन गाझियाबादला रेल्वे फाटकापाशी संपला. तिथला पाऊण तास मी सांगत बसत नाही. फाटकाच्या अलीकडे दोन्ही लेन भरून वाहनं, पलीकडेही दोन्ही लेन भरून वाहनं, आणि फाटक उघडल्यावर दोन्ही सैन्यं समोरासमोर. एवढं सांगितलं की उत्तर हिंदुस्थानात गाडी चालवलेल्यांना बाकीचं कळेल.

मागे बसलेल्या मालतीला काच खाली करायची होती. गाडीत एसी होता. एसी असताना काच खाली करणं हे नव्या श्रीमंतीत पाप आहे, आणि काचांचं बटण चालकाच्या हाती. गढमुक्तेश्वरला गंगेचा पूल आला तेव्हा मालती म्हणाली, “जरा थांबतोस का शशी? पाण्याला हात लावून येते.”

“ताई, आपण शेड्यूलच्या मागे आहोत. परत येताना, बिल्कुल!”

निदान नाणं तरी टाकू दे म्हटल्यावर त्याने तिची काच चार बोटं खाली केली. तिने नाणं फेकलं, ते काचेच्या कडेवर आपटलं आणि टिश्यूच्या डब्यात येऊन पडलं. नंदा हसली. शशी पुलावरून पुढे निघून गेला होता. ‘बिचारीला पाणीसुद्धा बघू दिलं नाही या माणसाने,’ असं मी मनात म्हणालो. हा विचार वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे मला तो महागात पडणार आहे.

गजरौलाच्या ढाब्यावर शशीने चौघांसाठी पनीर मागवलं. हिरव्या रंगात पनीर, लाल रंगात पनीर आणि पांढऱ्या रंगात पनीर. मालतीने मांडीवर कागद पसरून दशमी काढली. दहा मिनिटांत शशीचा हात त्या कागदावर होता. पनीर आम्ही कुत्र्याला घातलं, त्यानेही रंग बघून विचार केला. बाहेर उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या आणि कुठल्याशा गुऱ्हाळातून गुळाचा वास येत होता. वास अगदी वाईसारखा, हे मी तिघांना सांगितलं. मग रामपूरच्या पुढे तराईत सावरीची झाडं दिसायला लागली. पान नाही, नुसती लाल फुलं, त्यांतली बरीचशी खाली पडलेली. शशीने गाडी हळू केली.

“हेच का ते?”

“नाही,” मालती म्हणाली.

“लालच आहे की. झालं असतं काम.”

काठगोदामला रेल्वे संपते आणि डोंगर सुरू होतो. मधे काही नाही. स्टेशन झालं की उभी भिंत. मी घाट बघून म्हणालो, “आमच्या पसरणी घाटापुढे हा काहीच नाही.” दुसऱ्या वळणावरही मी तेच म्हणालो. सातव्या वळणावर नंदाला घाट लागला आणि मिनरल वॉटरच्या आठही बाटल्या निरुपयोगी ठरल्या. मालतीने तिला लिंबाच्या लोणच्याची फोड चघळायला दिली, आणि शशीने सकाळपासून पहिल्यांदा चारही काचा पूर्ण खाली केल्या. थंड वारा आला. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या झाडांचा, राळेचा वास आला. मालतीने डोकं बाहेर काढलं आणि डोळे मिटून बसली. पन्नाशीच्या बाईने असं करावं हे मला विचित्र वाटलं. शशीचा मोबाइल दोनदा कुंईकुंई करून बंद पडला, तेव्हा त्याचा चेहरा नंदापेक्षाही पांढरा झाला.

फॉरेस्टचा बंगला

मुक्कामाची व्यवस्था माझ्याकडे होती. शशीला हॉटेल हवं होतं, टीव्ही असलेलं. मी त्याला सांगितलं, माणूस अठ्ठावीस वर्षं सरकारात घालवतो ती हॉटेलात राहायला नाही. ओळखीने वनखात्याचा जुना बंगला मिळवला होता. अर्ज मी स्वतः लिहिला, स्वतः टाइप करवला, तीन प्रतींत. मंजुरीवर गोल शिक्का होता.

बंगला भवालीच्या पुढे, चिडाच्या रानात. पाच वाजायला आले होते, तरी ऊन लख्ख. हरकसिंग नावाचा म्हातारा चौकीदार कोट चढवत धावत आला, त्याने बॅगा उचलल्या, दार सताड उघडलं. “आइए साहब, चाय रखी है.”

मालतीने आधी आजूबाजूला पाहिलं. नुसती चिडाची झाडं, हिरवी. “बुराँस कहाँ है, भैया?”

“ऊपर है, बहनजी. यहाँ नीचे कम होता है. तीन मील पर गागर की धार है, वहाँ देखना. इस बार देर से फूला है, आप लोगों की किस्मत है. आजकल तो पूरा भरा हुआ है.”

मालतीने माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत मी तिच्या चेहऱ्यावर असं काही पाहिलं नव्हतं. पण मी तेव्हा बॅगेतून मंजुरीपत्र काढत होतो.

चौकीदाराने ते मागितलं नव्हतं. हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. त्याला वाचता येत नसावं असं वाटून मीच ते मोठ्याने वाचून दाखवायला लागलो, आणि तारखांपाशी येऊन थांबलो. तारखा बरोबर होत्या. महिना मार्च होता.

अर्ज मी मार्च एंडिंगच्या धांदलीत लिहिला होता. त्या दिवसांत माझ्या हातून दुसरा महिना उतरतच नाही. वनखात्याच्या बाबूंनी माझी चूक जशीच्या तशी मंजूर केली होती. कागदोपत्री आमचा मुक्काम महिनाभरापूर्वीच होऊन गेला होता.

“तो क्या हुआ साहब,” हरकसिंग म्हणाला. “महीना ही तो है.”

“दादा, यार, कोण बघतंय इथे? अस्वल?” शशी म्हणाला.

मी त्यांना परिस्थिती समजावली. मी आठ आठवड्यांनी रिटायर होणार. पेन्शनचे कागद निघायचे आहेत. अशा वेळी सरकारी बंगल्यात अनधिकृत मुक्काम! उद्या कोणी तक्रार केली तर? हरकसिंगला ‘अनधिकृत’ कळलं नाही. शशीला कळलं आणि तो कपाळाला हात लावून गाडीत जाऊन बसला.

“अहो, उजेड आहे अजून,” मालती हळूच म्हणाली. “तीन मैल तर आहे. बघून तरी येऊ आधी.”

“आधी मुक्कामाचं कायदेशीर होऊ दे,” मी म्हणालो. “फुलं काय कुठे पळून जातायत?”

आम्ही खाली बाजारात आलो आणि शशीने शोधलेल्या हॉटेलात राहिलो. हॉटेलच्या नावात ‘व्ह्यू’ होता. खिडकी उघडली की दुसऱ्या हॉटेलच्या नावातला ‘व्ह्यू’ दिसायचा. जेवण मात्र फक्कड होतं. जिऱ्या-मिरचीत परतलेले बटाटे, त्यांना तिकडे गुटके म्हणतात, आणि काकडीचं रायतं. रायत्यात वाटलेली मोहरी असते हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या घासाला माझ्या नाकातून डोक्यापर्यंत कळ गेली आणि मालती खळखळून हसली. “जोशीबाई असंच करायच्या,” ती म्हणाली. उद्या सकाळी आपण वर जाणार, अशा खात्रीने ती लवकर झोपली.

बड्या साहेबाची कचेरी

वनखात्याची कचेरी तासाभराच्या वाटेवर होती. मी दहाच्या ठोक्याला हजर. पहाडातली कचेरी हा बघण्यासारखा प्रकार आहे. थंडीमुळे बाबूलोक टेबलं बाहेर अंगणात आणून मांडतात आणि ऊन सरकेल तशी टेबलंही सरकवतात. कागद उडू नयेत म्हणून त्यांवर दगड. इतकं सुखी सरकार मी दिल्लीत पाहिलं नव्हतं.

माझा बाबू मफलर गुंडाळलेला, हसरा माणूस होता. त्याने कागद पाहिला, कानामागचं पेन काढलं. “लाइए, मार्च काट के अप्रैल कर देता हूँ. साइन मार दूँगा. दो मिनट.”

आता या ठिकाणी कोणीही शहाणा माणूस काय म्हणाला असता?

मी म्हणालो, “खाडाखोड? मंजुरीच्या मूळ प्रतीवर?”

“जी, चलता है.”

“चलता नहीं है,” मी म्हणालो. “इसका शुद्धिपत्र निकलना चाहिए. जावक क्रमांक के साथ.”

बाबू माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टरने ‘काही झालेलं नाही, घरी जा’ म्हटल्यावर पेशंट ‘ऑपरेशन कराच’ म्हणाला तर डॉक्टर जसा बघेल तसा. “फिर तो साहब, फाइल चलानी पड़ेगी.”

“चलाइए.”

शशी अंगणाबाहेर फोनला रेंज शोधत हात वर करून फिरत होता. तो आत आला. “दादा, तुम्ही चालवा फाइल. मी ताईला आणि नंदाला वर फिरवून आणतो. एकपर्यंत परत.”

“अर्ध्या तासाचं काम आहे,” मी म्हणालो. “सगळे बरोबरच जाऊ की.”

शशीने मालतीकडे पाहिलं. ती कचेरीच्या कट्ट्यावर देवदाराखाली बसली होती. “जाऊ बरोबर,” ती म्हणाली. “बावीस वर्षं थांबले, अर्ध्या तासाचं काय! त्यांना सोडून कसं बघू?”

मला ते ऐकून बरं वाटलं. पत्नी असावी तर अशी, असंही वाटलं.

फाइल चालली. आधी बाबूने टिपण लिहिलं. ते इतकं गचाळ होतं की माझ्याने राहवेना. मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि त्याला टिपण कसं लिहावं हे शिकवलं. ‘उपर्युक्त विषय के संदर्भ में’ पासून सुरुवात केली. त्याने सुंदर अक्षरात उतरवून घेतलं. मग कळलं की सही करणारे साहेब जंगलात गेले आहेत. वनखात्याचा साहेब जंगलात जातो याचं मला फार आश्चर्य वाटलं. दीडला साहेब आले आणि जेवायला गेले. अडीचला आले, पण टायपिस्ट नव्हता. मी टायपिस्टची चौकशी करत असताना बाबू म्हणाला, “फाइल ऊपर गई है, साहब. आ जाएगी.” हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं लोकांना ऐकवत आलो होतो. ते कानाला कसं लागतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला. आपली भाषा इथवर पोहोचली आहे.

त्या दिवशी आकाश इतकं निळं होतं की पाहत राहावं. पण पाहायला मी टेबलावरून मान वर केली नाही. साडेतीनला शुद्धिपत्र हातात पडलं. ‘मार्च के स्थान पर कृपया अप्रैल पढ़ा जाए.’ तीन प्रती, गोल शिक्का, जावक क्रमांक. मी कट्ट्यापाशी गेलो आणि ते फडकावलं.

मालती उठली. बसून बसून तिचा पाय आखडला होता.

परतीच्या वाटेवर मागून ढग आले. बंगल्याच्या फाटकापाशी पोहोचतो तोच पहिली गार टपावर टण्णकन वाजली. मग कोणी पोत्याने ओतावी तशी गार पडली. पत्र्याच्या छपराखाली आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. शशी वेड्यासारखा पळाला, बंगल्यातल्या रजया ओढून त्याने गाडीवर घातल्या आणि स्वतः भिजत त्यांची टोकं धरून उभा राहिला. गार सुपारीएवढी होती. मी व्हरांड्यात हरकसिंगपुढे शुद्धिपत्र धरलं. त्याने ते घेतलं, टेबलावर ठेवलं आणि त्यावर गरम किटली ठेवायला गेला. मी ओरडून ते ओढून घेतलं. त्याने ते वाचलं नाही ते नाहीच.

मालती खिडकीशी उभी होती. “हरकसिंग,” तिने विचारलं, “ऊपर भी ओले गिर रहे होंगे?”

हरकसिंग चहा गाळत राहिला. किटलीकडे बघतच म्हणाला, “ऊपर ज्यादा गिरते हैं, बहनजी.”

गागर

सकाळी आकाश धुतल्यासारखं. चिडाचं रान संपलं, बांजाची, म्हणजे पहाडी ओकची, काळपट झाडं लागली, रस्ता वर वर गेला. एका वळणावर शशीने गाडी थांबवली. पुढे रस्ता लाल होता.

डांबर दिसत नव्हतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत फुलंच फुलं. काही गुच्छ अख्खे, काही फाटलेले, काही गारांच्या न विरघळलेल्या ढिगांत रुतलेले. वर झाडं होती, दोन्ही बाजूंना, आंब्याएवढी, जोशीबाई म्हणायच्या तशीच. पण त्यांना पानं होती, आणि पानांना भोकं होती. कुठे एखादं फूल उंचावर चुकून राहिलेलं.

मी शशीच्या बोलण्याची वाट पाहत होतो. हा आता ‘चला, बघून झालं’ म्हणेल आणि गाडी दामटेल. त्याने इंजिन बंद केलं. “मी फुलांवरून गाडी नेणार नाही,” तो म्हणाला. किल्लीचं बटणही त्याने दाबलं नाही.

पुढे एक म्हातारी डोक्याला रुमाल बांधून टोपलीत फुलं गोळा करत होती, सरबतासाठी. तिने आम्हाला पाहिलं आणि हळहळून म्हणाली, “कल आते! कल तो पेड़ पर पत्ता नहीं दिखता था.”

मालती चप्पल काढून त्या लाल रस्त्यावर गेली. मी मागे होतो. वळणापलीकडे एकदम दरी उघडली आणि समोर हिमशिखरांची पांढरी रांग उभी राहिली. वादळाने हवा स्वच्छ केली होती. नंदा ओरडली, शशीने कॅमेरा काढला. मलाही एक आधार सापडल्यासारखं झालं. मी म्हणालो, “मालती, हिमालय बघ! किती साफ दिसतोय! लोकांना दिसत नाही असा.”

“हो,” ती म्हणाली. “दिसतोय.”

“गारांवर काही माझा ताबा नव्हता,” मी म्हणालो.

ती वाकून म्हातारीच्या टोपलीत फुलं टाकत होती. मान वर न करता म्हणाली, “काल त्या कट्ट्यावर बसले होते ना, तिथून ही डोंगराची धार दिसत होती. वर नुसती लाल. मला वाटलं, ऊन पडलंय. शिपायाला विचारलं तर म्हणाला, बुराँस है. मग सहा तास बघत बसले.”

“मला हाक का नाही मारलीस?”

“तुम्ही त्या बाबूला शिकवत होता,” ती म्हणाली.

मला लाज वाटली. साडूने गंगेचं पाणी बघू दिलं नाही म्हणून मी त्याच्यावर दिवसभर दात खात होतो. त्याने बारा मिनिटं वाचवली होती. मी बावीस मार्च एंडिंग गाठली होती, आणि तेविसाव्या वर्षी एका शब्दासाठी एक अख्खा निळा दिवस सरकारजमा केला होता. तिथे त्या रस्त्यावर हे सगळं माझ्या लक्षात आलं. मीही खाली बसलो आणि फुलं वेचू लागलो. म्हातारीने एक पाकळी तोंडात टाकून दाखवली. मालतीने खाल्ली, मलाही दिली. आंबट होती.

“कागद आहे का एखादा?” मालतीने विचारलं. “घरी थोडी नेते. वर्तमानपत्रं दशम्यांना संपली.”

मी खिसे चाचपले. कागद होता, तीन प्रतींत.

“कार्बन कॉपी देऊ का?” मी विचारलं. तिने नुसता हात पुढे केला. मी मूळ प्रत दिली. तिने तिचा शंकूसारखा पुडा केला, भडंगाचा करतात तसा, आणि त्यात गारांनी न फाटलेली फुलं एक एक करून भरली. गोल शिक्का बाहेरच्या बाजूला आला होता. ओल्या पाकळ्यांचा रंग त्यातून झिरपायला लागला.

त्या बंगल्यात आम्ही दुसरी रात्रही पूर्ण कायदेशीरपणे काढली. परतीच्या दिवशी शशीने मालतीच्या बाजूची काच न सांगता खाली ठेवली होती. एसी बंद. गढमुक्तेश्वरला त्याने गाडी पुलाच्या अलीकडे थांबवली आणि तिला घाटावर नेऊन आणलं. तिच्या मांडीवर तो पुडा होता. हापूरच्या पुढे धुळीचा रस्ता लागला, दिल्ली जवळ आली, आणि मला राहवेना. काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी म्हणालो, “मालती, आता काय, मी मोकळाच आहे. पुढच्या वर्षी आपण वाईहून येऊ.”

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हसायला लागली. आधी हळू, मग पुडा दोन्ही हातांनी सावरून धरत, थांबता थांबेना अशी. शशीने गाडी हळू केली आणि आरशातून विचारलं, “काय झालं ताई?”

“काही नाही रे,” ती म्हणाली. “हे म्हणतायत, पुढच्या वर्षी.”